पुढे पाठवण्याआधी

(स्मृतिव्याख्यानाचा मजकूर, थोड्या संपादनासह)



विषय कळवल्यावर संयोजकांचा फोन आला. "मॅडम, बाळंतपणाचा विषय आहे, तर स्त्रीरोगतज्ज्ञ का नकोत? तुम्ही तर भूलतज्ज्ञ." मी म्हटलं, म्हणूनच. स्त्रीरोगतज्ज्ञाची बाई लेबर रूममध्ये असते. आम्हाला बोलावणं येतं ते कुठूनही. कॅज्युअल्टीतून, मेडिसिन वॉर्डातून, आयसीयूतून, कधी गेटपाशी थांबलेल्या रिक्षातून. बाळंतपणाची खोली सोडून जिथे जिथे बाळंतपण माणसाला गाठतं, त्या जागांबद्दल मला आज बोलायचं आहे.

सुरुवात व्हिएन्नापासून करते. 1840च्या दशकात तिथल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बायका मरण्याचं प्रमाण सरासरी 10 टक्क्यांच्या आसपास होतं, दुसऱ्यात 4. मृत्यू बहुतेक बाळंतज्वराचे. गावातल्या गरीब बायकांना हे आकडे कुणी छापून दिले नव्हते, पण पहिल्या विभागात पाठवतायत म्हटल्यावर त्या हातापाया पडत. काही जणी तर वाटेत, रस्त्यावरच मोकळ्या होत आणि मग बाळ घेऊन रुग्णालयात येत. मोफत सोय मिळे आणि पहिल्या विभागातलं बाळंतपण टळे. इग्नाझ झेमेलवाइस हा तरुण डॉक्टर याच बायकांपाशी अडला. रस्त्यावर ना पाणी ना मदत, तरी यांना ज्वर कमी कसा? उत्तर पुढे सापडलं. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येणारे हात तो ज्वर घेऊन येत होते. 1847 मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने उतरले.

हात धुण्याची गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र त्या रस्त्यावरच्या बायका महत्त्वाच्या वाटतात. खोलीच्या दारावर कुठली पाटी आहे यावर बाईचं जगणं ठरत नाही, तिथल्या माणसांचे हात काय करतात यावर ठरतं, हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळलं होतं.

आता आपल्याकडे या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सुमारे 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. 2018 ते 2020 या काळात राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 मातांचे मृत्यू झाले; देशाचा आकडा तेव्हा 97 होता. ही कमाई मोठी आहे आणि ती आशाताईंनी, एएनएम सिस्टरांनी उन्हातान्हात फिरून केलेली आहे. 2005 ची जननी सुरक्षा योजना, 2011 चा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम, मोफत गाडी, मोफत रक्त, हे सगळं त्यामागे आहे. 2017 मध्ये केंद्र सरकारने 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम काढला. लेबर रूम आणि बाळंतपणाचं ऑपरेशन थिएटर यांचा दर्जा तपासायचा, गुण द्यायचे, प्रमाणपत्र द्यायचं. मी अशा प्रमाणपत्रवाल्या लेबर रूम पाहिल्या आहेत. खरंच छान आहेत. वॉर्मर चालू, औषधांचे सात ट्रे मांडलेले, घड्याळाचा सेकंदकाटा फिरता.

पण त्याच इमारतीत, तळमजल्यावर, कॅज्युअल्टीत जा. नवजात बाळाच्या तोंडावर बसेल असा मास्क मागा. कपाट उघडलं जाईल, दोन कपाटं उघडली जातील, मग कुणीतरी म्हणेल, "वर लेबर रूममध्ये असेल."

बाई दवाखान्यात पोचली की काम झालं, असं आपण वीस वर्षं धरून चाललो. ती पोचावी यासाठी सगळी यंत्रणा राबली. आता बहुतेक जणी पोचतात. पण कुठे पोचतात? जवळच्या आरोग्य केंद्रात. तिथून ग्रामीण रुग्णालयात, तिथून उपजिल्हा, तिथून सिव्हिल, तिथून मेडिकल कॉलेज. प्रत्येक पायरीवर एक चिठ्ठी आणि एक वाक्य: "इथे नाही होणार, पुढे न्या." थॅडियस आणि मेन या दोन संशोधक बाईंनी 1994 मध्ये मातामृत्यूमागचे तीन उशीर सांगितले. जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. आपल्याकडे आज तिसरा आणि दुसरा उशीर एकमेकांत गुंतून पडले आहेत. बाई पोचते, उपचार न मिळता परत निघते, पुन्हा पोचते. कागदावर ती सतत दवाखान्याच्या ताब्यात असते आणि प्रत्यक्षात तिच्याजवळ असतो फक्त ड्रायव्हर.

पाठवू नये असं माझं म्हणणं नाही. आरोग्य केंद्रात सिझेरियन होणार नाही, तिथे पाठवायलाच हवं. म्हणणं एवढंच की पाठवणं हा उपचार नाही. पाठवण्याआधीची दहा मिनिटं हा उपचार आहे, आणि ती दहा मिनिटं कुणाही डॉक्टरला, कुणाही सिस्टरला, लेबर रूम नसलेल्या कुठल्याही जागी सांभाळता आली पाहिजेत. बाकी जे बोलणार आहे ते या एका वाक्याचा विस्तार आहे, तेव्हा ज्यांना शेवटची एसटी गाठायची आहे त्यांनी इथून उठलं तरी चालेल.

सगळ्यात टोकाचा प्रसंग आधी घेते, कारण तिथे चूक सगळ्यात स्पष्ट दिसते. आठव्या महिन्यातली बाई ताप आणि धाप म्हणून मेडिसिन वॉर्डात दाखल आहे. रात्री तिचं हृदय थांबतं. वॉर्डातले लोक धावतात, छाती दाबायला लागतात. इथपर्यंत ठीक. आता पोट बघा. गर्भपिशवी बेंबीपर्यंत पोचली, म्हणजे साधारण पाच महिने झाले, की उताण्या झोपलेल्या बाईत ती पिशवी पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर बसते. पायांतलं, ओटीपोटातलं रक्त हृदयाकडे परतच येत नाही. हृदयात रक्तच नसेल तर छाती दाबून पुढे काय ढकलणार? म्हणून एका माणसाने फक्त एकच काम करायचं. दोन्ही हातांनी पोट बाईच्या डाव्या अंगाला ओढून धरायचं आणि सोडायचं नाही. आमच्या शिकण्याच्या काळात बाईला कुशीवर कलतं करा असं सांगायचे. कलत्या छातीवर दाब नीट बसत नाही, म्हणून आता पाठीखाली फळी घालून सपाटच ठेवायचं आणि पोट हाताने सरकवायचं. सलाईन हाताला लावायचं, पायाला नाही, कारण पायाकडून वर येणारी वाट बंद आहे. शॉक द्यायचा तर नेहमीइतकाच द्यायचा. बाळाला काही होईल म्हणून हात आखडायचा नाही.

आणि चार मिनिटांत हृदय सुरू झालं नाही तर तिथेच, त्याच कॉटवर, पोट उघडून बाळ बाहेर काढायचं. कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये हा नियम मांडला. चौथ्या मिनिटाला सुरुवात, पाचव्या मिनिटापर्यंत बाळ बाहेर. यासाठी काय लागतं? ब्लेड, आणि ते चालवणारा एक हात. भूल लागत नाही, हे मी भूलतज्ज्ञ म्हणून सांगते. बाळाचे ठोके ऐकत बसायचं नाही. थिएटर लागत नाही. "थिएटरला घ्या" ही त्या क्षणी देता येणारी सर्वांत वाईट आज्ञा आहे. स्ट्रेचर सरकवताना छाती दाबणं थांबतं, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर असते, आणि ती चार मिनिटं तिथेच खर्ची पडतात.

सुश्रुतसंहितेत, निदानस्थानातल्या मूढगर्भाच्या अध्यायात, प्रसूतीच्या वेळी बाई मरण पावली आणि तिची कूस अजून हलत असेल तर वैद्याने तत्काळ पोट फाडून मूल काढावं असं सांगितलेलं आहे. तिथे आई गेलेलीच आहे; प्रयत्न मुलासाठी. आजच्या नियमाचा रोख वेगळा आहे. पिशवी रिकामी झाली की शिरेवरचं ओझं उतरतं, रक्त परत फिरतं, आणि काही वेळा तोवर हाताला न लागणारी आईची नाडी लागते. बाळ काढायचं ते आधी आईसाठी. बाळ जगेल की नाही, त्याचे दिवस भरलेत की नाही, हा प्रश्न नंतरचा. सिनेमातला डॉक्टर चष्मा काढत बाहेर येतो आणि नवऱ्याला विचारतो, "आई की बाळ?" या एका संवादाने आमच्या धंद्याचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्या बोगस डॉक्टरने केलं नसेल. खऱ्या आणीबाणीत जवळजवळ नेहमी दोघांचा रस्ता एकच असतो. आईला श्वास द्या, रक्त द्या, बाळाला ते आपोआप पोचतं. विंचू-साप चावलेली गरोदर बाई येते आणि कुणीतरी म्हणतं, "पोटुशी आहे, लस द्यायची का?" विष चढल्याची लक्षणं असतील तर द्यायची, आणि इतरांना देतो तेवढीच द्यायची. अपघातात सापडलेल्या बाईचा एक्स-रे पोटातल्या बाळाच्या भीतीने अडवून ठेवतात आणि तिची फाटलेली प्लीहा तशीच वाहत राहते. या भीतीला दयाळूपणाचा मुलामा असतो, म्हणून ती जास्त घातक.

आता रक्तस्रावाकडे येते. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जात असतं. वार पडल्यावर पिशवी आवळली नाही तर नळ उघडा राहिला म्हणून समजा. आणि बाळंतीण फसवते. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट झालेलं असतं, त्यामुळे लिटरभर गेलं तरी ती बोलते, पाणी मागते, बाळाला कुणासारखं नाक आहे ते विचारते. बीपी बराच वेळ टिकतं आणि मग एकदम कोसळतं. रिक्षातून उतरलेली अशी बाई कॅज्युअल्टीत बाकावर बसवून ठेवली जाते, कारण "बीपी नॉर्मल आहे". बीपीच्या आधी नाडी बोलते. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याच्या जवळ आला की सावध व्हायचं, पुढे गेला की धावायचं. याला मशीन लागत नाही. मनगट आणि घड्याळ पुरतं.

किती रक्त गेलं हे डोळ्यांनी ठरवण्यात आपण सगळेच कच्चे आहोत, डॉक्टरांसकट. यावर एक साधा उपाय आपल्या शेजारी, बेळगावात निघाला. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर 2000 नंतरच्या काही वर्षांत बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत एक चाचणी केली. घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या 1,620 बाळंतपणांत एएनएमनी बाळ झाल्याझाल्या निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. जास्त रक्त जाण्याचं प्रमाण 12 टक्क्यांवरून साडेसहाच्या खाली आलं. 2006 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. त्या चाचणीत रक्त मोजायला त्यांनी बाईखाली पसरायचं एक प्लास्टिकचं कापड केलं, खाली निमुळती पिशवी आणि तिच्यावर मापाच्या रेघा. नजरेने मोजलेलं आणि पिशवीत मोजलेलं ताडून पाहिलं, तर नजर बरंच कमी सांगत होती. 2023 मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला. मापाचं कापड पसरायचं, आणि रक्त ठरावीक रेघेपर्यंत आलं की गर्भपिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकामागून एक न करता एकदम सुरू करायचं. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे दुष्परिणाम 60 टक्क्यांनी घटले. यात नवं औषध एकही नव्हतं.

लेबर रूमच्या बाहेर हे कसं करायचं ते मुद्द्याचं. ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, 2 ते 8 अंशांत. मे महिन्यात विदर्भात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डात ठेवलेल्या इंजेक्शनवर मी विश्वास ठेवणार नाही. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रीज लागत नाही, म्हणून गाडीत त्या हव्यात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडलाही लागत नाही. 2017 मध्ये 20 हजारांहून अधिक बायकांवरचा अभ्यास आला: बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत एक ग्रॅम हळूहळू शिरेतून दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात, आणि दर पंधरा मिनिटांच्या उशिराने फायदा सुमारे दहा टक्क्यांनी ओसरतो. सिव्हिल दीड तासावर असेल तर हे इंजेक्शन सिव्हिलला देऊन कसं चालेल? ते निघण्याआधी द्यायचं. आणि ज्याच्या हाताशी काहीच नाही त्याने गाडीत बाईच्या बेंबीखाली हात ठेवून पिशवी चोळत राहावं. ती दगडासारखी घट्ट लागली पाहिजे. मऊ लागली तर पुन्हा चोळायची, मूत्राशय भरलं असेल तर ते रिकामं करायचं. पोचेपर्यंत हात काढायचा नाही.

झटक्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण उत्तर जुनं आणि पक्कं आहे. बीपी वाढून गरोदर बाईला झटके आले की मॅग्नेशियम सल्फेट. 1995 च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत डायझेपाम आणि फेनिटोइन दोन्ही त्याच्यापुढे सरळ हरले. सरकारी मार्गदर्शिकेनुसार एएनएमनेसुद्धा पाठवण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम खोल द्यायचं आहे. म्हणजे दहा अँप्युल फोडायच्या. तरी कितीतरी बायका चिठ्ठीवर 'झटके, पुढील उपचारासाठी' एवढंच लिहून येतात. औषध साठ्यात असतं. भीती असते ती "श्वास थांबला तर?" याची. पहिल्या एका डोसने असं सहसा होत नाही. गुडघ्यावर टिचकी मारून पाय उडतो का ते तपासायचं, श्वास मोजायचे, लघवी बघायची, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची एक अँप्युल शेजारी ठेवायची. न दिलेल्या मॅग्नेशियमने गेलेल्या बाईची चौकशी 'उशिरा आणली' या शेऱ्यावर मिटते. दिलेल्या औषधाने काही झालं तर देणाऱ्याचं नाव कागदावर येतं. सिस्टर घाबरतात यात त्यांचा दोष मला दिसत नाही; आपली चौकशीची पद्धत त्यांना हेच शिकवते.

काही बायका तर बाळंतपणाच्या रांगेत येतच नाहीत. बाळंत होऊन आठ-दहा दिवस झालेली बाई डोकं फुटतंय म्हणून येते. बाळ घरी सासूकडे असतं, पोट उतरलेलं असतं, केसपेपरवर 'डोकेदुखी' लिहिलं जातं आणि तिला गोळी मिळते. धाप लागलेली येते, तिला दमा ठरवतात. बाळंतपणानंतर बीपी वाढून झटके येऊ शकतात, हृदय कमजोर पडू शकतं, पायातली गुठळी फुप्फुसात जाऊ शकते, पिशवीत पू होऊ शकतो. हे सगळं एका प्रश्नाने पकडता येतं: "गेल्या सहा आठवड्यांत बाळंतपण झालंय का?" दुसरा प्रश्न उलट्या टोकाचा. पोटात कळ येऊन चक्कर आलेल्या प्रत्येक तरुण बाईला पाळी विचारायची आणि लघवीची तपासणी करायची, कारण नळीत राहिलेला गर्भ फुटला तर तिला तासभरही मिळत नाही. मुलगी अविवाहित असेल तर आईवडलांना बाहेर पाठवून विचारायचं. तिच्या आईसमोर खोटं बोलण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. तिथे खरं उत्तर मिळेल ही आपली अपेक्षाच चूक.

आता बाळ. कल्याणची एक चौदा वर्षांची मुलगी 1879च्या सुमारास आई झाली आणि तिचा मुलगा दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले नाहीत ही सल तिला थेट फिलाडेल्फियाला घेऊन गेली. 1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हा होता. आपण त्यांची आठवण पहिली महिला डॉक्टर म्हणून काढतो. त्या दहा दिवसांच्या बाळाची फारशी काढत नाही.

जन्मलेल्या शंभरातली पंच्याऐंशी बाळं आपली आपण रडतात. आणखी दहाएक नुसतं पुसून, पाठ चोळून श्वास घेतात. तीन ते पाच बाळांना पिशवी-मास्कने श्वास द्यावा लागतो, आणि तो पहिल्या मिनिटात सुरू व्हावा लागतो. मिनिटाला 40 ते 60 वेळा, छाती उचलली जाते का एवढं बघत. दिवस भरलेल्या बाळाला सुरुवातीला ऑक्सिजनही लागत नाही, खोलीतली हवा चालते. सिलिंडर रिकामा होता हे कारण म्हणूनच पटत नाही. उलटं धरून पाठीत चापट्या मारणं हा सिनेमाचा दुसरा उद्योग, तो बंद करावा.

हे काम फक्त बालरोगतज्ज्ञाचं आहे, ही समजूत गडचिरोलीने मोडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने 1990च्या दशकात 39 गावांत त्याच गावच्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. घरीच जन्मलेल्या बाळाचा श्वास सुरू करणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं हे त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी 25च्या आसपास आला, शेजारच्या तुलनेच्या गावांत तो 60च्या घरात राहिला. 1999 च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'ने ते छापलं, आणि आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ बघतात ती रीत तिथून आली. हातात स्मार्टफोन असलेल्या शहरी कॅज्युअल्टीला जे येत नाही, ते त्या गावांतल्या कमी शिकलेल्या बायकांना तीस वर्षांपूर्वी येत होतं. यावर आम्ही डॉक्टरांनी थोडं ओशाळायला हरकत नाही.

आणि गारठा. नागपूरच्या उन्हातसुद्धा ओलं बाळ मिनिटामिनिटाला गार पडतं. पंखा बंद करा, बाळ पुसा, ओलं फडकं फेकून द्या, टोपी घाला आणि आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घाला. 2021 मध्ये आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात एक किलो ते जवळजवळ 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच असं छातीशी ठेवलं, तेव्हा मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. गाडीत इन्क्युबेटर नाही म्हणून खोळंबू नका. आईची प्रकृती ठीक असेल तर तिची छाती, नसेल तर बापाची. बाप लाजतात. लाजू द्या.

गाडीतच कळा आल्या आणि डोकं दिसायला लागलं, तर गाडी बाजूला घ्या. "पाय आवळून धर, आलंच हॉस्पिटल" असं अजूनही सांगतात. त्याने बाळ थांबत नाही, गुदमरतं. हातावर घ्या, पुसा, छातीवर द्या. नाळ कापायची घाई नको. निर्जंतुक ब्लेड नसेल तर कापूच नका, बाळ आणि वार दोन्ही आईपाशी तशीच घेऊन या. राज्यात 108 ची सेवा 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी सुरू झाली, आणि इथल्या गाडीत डॉक्टर असतो, बहुधा आयुर्वेदाचा पदवीधर. ही चांगली सोय आहे. रेल्वे सुरक्षा दलाच्या महिला जवानांनी फलाटावर आणि डब्यात कितीतरी बायकांना मोकळं केलंय. पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडकडे जाणारी गाडी अलीकडेच थांबते, आणि नर्मदेकाठच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांना होडी लागते. अशा ठिकाणी माहेरघराला पर्याय नाही. आरोग्य केंद्रालगतची खोली, तिथे बाईने दिवस भरत आले की नातेवाइकासह, धाकट्या लेकरासह आधीच येऊन राहायचं. उसाच्या फडावर तर रस्ता असूनही तीच गत. बाई बीडची, कोप सांगलीच्या शिवारात, तपासणीचं कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत. तिचं बीपी आधी किती होतं हे सांगणारं तिथे कुणी नसतं. त्या कार्डाचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये असावा एवढा आग्रह तरी गावच्या आशाताईने मुकादमाची गाडी सुटण्याआधी धरावा.

पैशांबद्दल फार बोलत नाही. आणीबाणीतल्या रुग्णाला आधी उपचार द्यायचे हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं, 1996 मध्ये पश्चिम बंगालच्या खेत मजूर समितीच्या खटल्यात असा उपचार मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. आगाऊ रक्कम मागणाऱ्या काउंटरला हे माहीत नसतं असं मला वाटत नाही.

मग करायचं काय? मी एकच सुचवते, आणि ते फुकट आहे. महिन्यातून एकदा, रात्रपाळीत, न सांगता सराव. उशी बांधलेली एक सिस्टर कॅज्युअल्टीच्या दारात कोसळते आणि कुणीतरी घड्याळ लावतं. आमच्याकडे पहिल्यांदा केला तेव्हा औषधं सगळी होती. पण ब्लेडचं पाकीट ड्रेसिंगच्या खोलीत कुलपात, किल्ली दिवसपाळीच्या इन्चार्जबाईंच्या पर्समध्ये, पर्स त्यांच्या घरी. कुणाला फोन करायचा याचा तक्ता भिंतीवर होता, त्यावरचे दोन डॉक्टर बदलून गेलेले. पोट डावीकडे ओढायचं हे सगळ्यात आधी कुणाला आठवलं, तर वॉर्डातल्या मावशींना. त्यांनी कुठल्यातरी ट्रेनिंगमध्ये चहा वाटताना ऐकलं होतं. त्यानंतर एक लाल पेटी केली. ब्लेड, नाळेचे दोन चिमटे, टॉवेल, टोपी, छोटे दोन मास्क आणि पिशवी, मॅग्नेशियम, ट्रॅनेक्झॅमिक, गोळ्या. कुलूप नाही, नुसतं कागदी सील. अशी एक कॅज्युअल्टीत, एक मेडिसिनला, एक आयसीयूत. सील फाटलं की त्याच पाळीत भरायची. चोरी होईल असं एक साहेब म्हणाले होते. अजून तरी फक्त टोप्या गेल्या आहेत, आणि त्या ज्यांच्या डोक्यावर गेल्या त्यांनी परत आणून द्याव्यात अशी आमची मागणी नाही.

वेळ झाली. प्रश्न घेऊ या. पुढच्या रांगेत डॉक्टर मंडळी बसली आहेत, मागे सिस्टर आणि आशाताई. आज सुरुवात मागून करू.